आईंनी सोडलेली पंगत

बडोद्यातल्या मराठी घरांत लग्न ठरलं की बरेचदा पार्टी प्लॉटच्या, म्हणजे लग्नाच्या मैदानाच्या आधी माझ्या सासूबाईंना फोन येतो. "सुनेत्राबाई, अमुक तारखेला तुम्ही मोकळ्या आहात ना? मग आम्ही तीच धरतो." मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला ही थट्टा वाटायची. पुढे एका मुलीच्या वडिलांनी खरोखरच मुहूर्त आठवडाभर पुढे ढकलला, तेव्हा पटलं.

सासूबाईंना मी आई म्हणते. सुनेत्रा मोहिते हे त्यांचं नाव. मांडवी दरवाज्याच्या मागच्या गल्लीत आमचं दुमजली घर आहे. वर आम्ही राहतो आणि खाली आईंचं स्वयंपाकघर. मोठ्या शेगड्या, पितळी पातेली, पुरणाचं यंत्र, भिंतीला लावलेले झारे. बाबा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेत होते. त्यांच्या नोकरीची बरीचशी वर्षं शहराबाहेर बाजव्याच्या क्वार्टरमध्ये गेली आणि आईंच्या धंद्याची सुरुवातही तिथलीच. शेजारच्या बारशाला त्यांनी पुरणपोळ्या करून दिल्या. गुजराती बायका म्हणाल्या, "सुनेत्राबेन, वेढमी तो अमे पण बनावीए, पण आ जुदी छे." वेढमी म्हणजे त्यांची पुरणपोळी. मग एकीचं पाहून दुसरीनं सांगितलं, दुसरीचं पाहून तिसरीनं. बाबा निवृत्त होऊन हे सगळे शहरात राहायला आले तोवर रिफायनरीकडच्या कॉलन्यांपासून दांडिया बाजारापर्यंत आईंचं नाव झालेलं होतं.

आईंना आपल्या कामाचा अभिमान आहे, आणि तो त्या लपवत नाहीत. त्यांची आमटी कुणी चांगली म्हटली तर "छे हो, कसलं काय" असं त्या म्हणत नाहीत. "हो, छान होते माझी," म्हणतात आणि पुन्हा वाढतात. कबूल केलेली पंगत त्यांनी कधी चुकवली नव्हती. अंगात ताप असताना त्यांनी मसालेभात केलेला मी पाहिला आहे. विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं त्या वर्षी ट्रॅक्टरमध्ये पातेली चढवून त्या समा भागातल्या एका बारशाला पोचल्या होत्या, आणि बाळाच्या आजीनं आधी त्यांना ओवाळलं, मग बाळाला.

एकच गोष्ट त्यांना सलत होती. समरजित जगदाळे हा त्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. अगदी तरुण वयात आला, भाजी निवडण्यापासून शिकला आणि पुढे त्यांचा उजवा हात झाला. मग एक दिवस त्यानं जवळच्या पादरा गावी स्वतःचं केटरिंग काढलं. त्याचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही, पण जाताना आईंची दोन जुनी घराणी त्याच्याकडे वळली आणि आईंनी त्याचं नाव घेणं सोडलं. दोघं एखाद्या लग्नात समोरासमोर आले तर तो वाकून नमस्कार करायचा. आई "सुखी राहा" म्हणायच्या आणि पुढे जायच्या.

त्या जानेवारीत तात्यासाहेब शिर्क्यांच्या नातीचं, श्रद्धाचं लग्न होतं. तात्यासाहेबांचे वडील संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते. स्वतः तात्यासाहेब ऐंशीच्या पुढे गेलेले, अजून ताठ बसणारे. त्यांनी आईंना घरी बोलावून सांगितलं, "सुनेत्राबाई, बुफे नको. लोकांना ताट हातात धरून फिरायला लावायचं नाही. पंगत बसवायची. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी, मसालेभात, कोशिंबीर. माझ्या लग्नात होतं तसं." लग्न पादऱ्याच्या रस्त्यावरच्या पार्टी प्लॉटमध्ये होणार होतं. आई तिथून परत आल्या त्या जिना चढतानाच बाबांना सांगत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना असं काम मिळालं नव्हतं. मांडव जुन्या बडोद्याचा, आणि स्वयंपाक अगदी त्यांच्या मनासारखा.

लग्न शनिवारी होतं. त्याच्या आधीच्या रविवारी आमचा तन्मय आजारी पडला.

तन्मय सात वर्षांचा. आदल्या दिवशी तो मित्राच्या वाढदिवसाला गेला होता. तिथे एका मुलाला उलटी झाली होती, पण मुलांना होतंच असं काहीतरी, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. रविवारी दुपारी जेवता जेवता तन्मय पांढरा पडला आणि दिवाणावर भडभडून ओकला. मी उठेपर्यंत आईंनी त्याला धरलं होतं. त्यांनीच ओल्या फडक्यानं दिवाण पुसला, ते फडकं मोरीत पिळलं, हाताला बाटलीतलं सॅनिटायझर चोळलं आणि त्याला मांडीवर घेतलं.

"केक शिळा असेल," बाबा म्हणाले. आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. संध्याकाळपर्यंत त्याला जुलाबही सुरू झाले. सोमवारी दुपारपर्यंत तो उठून बसला, भात मागायला लागला. आम्ही सुटलो असं वाटलं.

मंगळवारी अभिजित, माझा नवरा, बाजव्याच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसात घरी आला. बसमधून उतरल्याबरोबर रस्त्याच्या कडेला त्याला उलटी झाली होती. त्यानं तर केक खाल्लाच नव्हता.

आमच्या डॉक्टर नीरा घोरपडे जवळच राहतात. आईंना त्या काकू म्हणतात, कारण त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा स्वयंपाक आईंनीच केला होता. त्या घरी आल्या, अभिजितला तपासलं, तन्मयला जवळ घेऊन त्याच्या जिभेकडे बघितलं, मग मला विचारलं, "वर्गात अजून कुणी आजारी आहे?"

मी फोनवरचा शाळेचा ग्रुप दाखवला. अर्धा वर्ग घरी होता.

"मग केकची चूक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हा पोटाचा व्हायरस आहे. थंडीत फार पसरतो. त्या पार्टीत ज्याला उलटी झाली, त्याच्यापासून मुलांनी घेतला. तन्मयपासून अभिजितनं."

"पण मी सगळं लगेच पुसलं होतं," आई म्हणाल्या.

"कशानं पुसलंत, काकू?"

आईंनी सांगितलं. डॉक्टर खुर्ची ओढून आईंच्या समोर बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. मला ते बोलणं अजून आठवतं, कारण आई इतक्या लक्ष देऊन कुणाचं ऐकतात असं मी क्वचित पाहिलं आहे.

"उलटी होते तेव्हा तिचे बारीक थेंब आजूबाजूला उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. ते दिवाणावर, जमिनीवर, दाराच्या कडीवर बसतात आणि कित्येक दिवस तिथे जिवंत राहतात. आजार व्हायला फार लागत नाही, अगदी कणभर पुरतं. कडीला हात लागला, तोच हात तोंडाला गेला, की झालं. आणि काकू, बाटलीतल्या सॅनिटायझरवर इथे भरवसा ठेवायचा नाही. हा व्हायरस त्याला जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी, बोटांच्या मधे, नखांच्या खाली, सावकाश."

"आणि दिवाण?"

"ब्लीचिंगचं पाणी. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. आधी घाण कागदानं उचलून पिशवीत बांधायची, मग ते पाणी लावून थोडा वेळ तसंच राहू द्यायचं, मग पुसायचं. त्यात फिनेल, ॲसिड काही मिसळायचं नाही. संडासात पाणी सोडताना झाकण लावायचं. आजारी माणसाचा टॉवेल वेगळा, कपडे वेगळे आणि गरम पाण्यात."

मी औषधाचं विचारलं. त्या म्हणाल्या की या व्हायरसला मारायचं औषध नाही, अँटिबायोटिक तर मुळीच उपयोगाचं नाही. शरीरातलं पाणी जातं ते भरून काढायचं. ओआरएसचं पाणी, एकदम ग्लासभर नाही, चमच्याचमच्यानं. लघवी बरीच कमी झाली, पोर मलूल पडून राहिलं, शौचात रक्त दिसलं, तर मात्र थांबायचं नाही, थेट दवाखान्यात आणायचं.

त्या निघायला उठल्या आणि दारात थांबल्या. "काकू, शनिवारी शिर्क्यांचं लग्न तुमच्याकडे आहे ना?"

"हो."

"तुम्हाला काही झालं, नुसतं मळमळलं तरी, स्वयंपाकाला हात लावू नका. बरं वाटल्यावरसुद्धा पुढचे दोन दिवस तरी नाही. माणूस बरा होतो, पण त्याच्यापासून दुसऱ्याला व्हायचं थांबलेलं नसतं."

"अहो डॉक्टर, उकळत्या आमटीत काय जगणार आहे?"

"आमटीत नाही जगणार. पण पोळी तव्यावरून उतरल्यावर हातानंच उचलता, घडी घालता. कोशिंबीर शिजवत नाही. लाडू हातानं वळता. या व्हायरसला तेवढं पुरतं."

डॉक्टर गेल्यावर आईंनी बाबांना ब्लीचिंग पावडर आणायला पाठवलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी घर धुतलं. दाराच्या कड्या, नळ, दिव्यांची बटणं, टीव्हीचा रिमोट, दिवाणाच्या चारही बाजू. वरचं कुणी खाली जायचं नाही असा आईंनी नियम केला. त्या स्वतः मात्र बुधवारी कपडे बदलून, कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन खाली गेल्या आणि रुखवताचे लाडू वळले. त्यांना काही होत नव्हतं आणि वेळ थोडा होता. त्यांच्या जोडीला बरीच वर्षं काम करणाऱ्या हंसाबेन गावी गेल्या होत्या, त्या शुक्रवारी थेट येणार होत्या. त्यामुळे दिवसभर आई एकट्याच. संध्याकाळी थाळे भरून लाडू तयार झाले, एकसारखे, प्रत्येकावर बेदाणा.

गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा आई खाटेवर बसून होत्या. पदर पोटाशी धरलेला.

"ॲसिडिटी झालीय," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी चहाचा कप हातात घेतला, वास आला तसा खाली ठेवला, आणि मला बाजूला सारून न्हाणीघराकडे गेल्या.

त्या दिवशी आईंचे फार हाल झाले. दुपारी उलट्या थांबल्या, मग जुलाब. मी त्यांच्या उशाशी बसून वाटीतून चमच्यानं पाणी देत होते. त्या डोळे मिटून घ्यायच्या, एक घोट उतरला की बोटानं खूण करायच्या, दुसरा द्यायला. मधेच त्यांनी डोळे उघडले.

"मुग्धा, आज गुरुवार ना?"

"हो."

"उद्या दुपारी पुरण शिजवायला घ्यायचं होतं."

"मी करते ना, आई. हंसाबेन आहेत, मी आहे. तुम्ही खुर्चीत बसून फक्त सांगा."

त्यांनी मान हलवली. "तू याच घरात राहतेस. तुला आज काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नाही. काल मला तरी कुठे काय होत होतं?" मग म्हणाल्या, "लाडूसुद्धा जायचे नाहीत त्यांच्याकडे."

मी म्हटलं, लाडू तर तुम्हाला त्रास व्हायच्या आधी वळलेत.

"रात्रीत होतो का आजार? हातात असेलच की काल. बाबांना सांग."

बाबांनी ते लाडू जाड पिशव्यांत भरून, दुहेरी गाठी मारून कचऱ्याच्या गाडीत दिले. त्यांचा चेहरा एखाद्याला पोचवून आल्यासारखा झाला होता. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तुपाचा वास जिन्यात भरला होता.

आईंनी फोन मागितला. बसून बोलता येईना, म्हणून त्या कुशीवर वळल्या आणि मी फोन त्यांच्या कानाशी धरला. तिकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"तात्यासाहेब, सुनेत्रा मोहिते बोलते. मला उलट्यांचा आजार झालाय. शनिवारच्या स्वयंपाकाला मी हात लावणार नाही."

"शनिवारपर्यंत तुम्हाला बरं वाटेल की, सुनेत्राबाई. अजून मधे एक दिवस आहे."

"बरं वाटेल. पण बरं वाटलं तरी हा आजार माझ्यापासून दुसऱ्याला होऊ शकतो. तुमच्या मांडवात लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. तुम्ही स्वतः आहात."

फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. त्यांचे चिरंजीव असावेत. "काकू, तुम्ही हातमोजे घालून करा ना. आम्ही कुणाला सांगणार नाही. ऐन वेळी आम्ही आता कुणाला शोधायचं?"

"हातमोजा घातलेला हात पण पदराला लागतो, तोंडाला लागतो आणि मग पोळीला लागतो," आई म्हणाल्या. त्यांना दम लागला होता. "आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही तरी मला माहीत असेल. तात्यासाहेबांना द्या फोन."

पुन्हा तात्यासाहेब आले. "मग करणार कोण?"

"समरजित जगदाळे."

"तो तुमच्याकडून निघून गेलेला?"

"माझ्याकडे शिकलेला," आई म्हणाल्या.

तात्यासाहेबांनी पुढे काही विचारलं नाही. "तुम्ही म्हणता तर चालेल," एवढंच म्हणाले.

हे सगळं झालं तेव्हा आईंनी अजून समरजितला विचारलंही नव्हतं. त्यांनी मला त्याचा नंबर शोधायला सांगितला. माझ्याकडे होता, दिवाळीला तो दरवर्षी शुभेच्छा पाठवायचा आणि मी आईंना न सांगता उत्तर द्यायचे. मी नंबर लावून दिला तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"समरजित, शनिवारी मोकळा आहेस का?"

"काकू?" त्याचा आवाजच बदलला. "तुम्ही फोन केलात?"

"केला. शनिवारी?"

"एक साखरपुडा आहे छोटा. माझी माणसं करतील तो. तुम्ही बोला."

आईंनी सांगितलं. आजार काय आहे, का येता येत नाही, जेवायला कोण आहेत, काय काय करायचं. मग थोडं पाणी प्यायल्या आणि कटाची आमटी सांगायला लागल्या. ही आमटी आईंची स्वतःची आहे. तिचा मसाला त्या नेहमी एकट्यानं भाजतात, दार लोटून. समरजित इतकी वर्षं त्यांच्याजवळ होता, पण तो त्यालाही ठाऊक नव्हता. आता डोळे मिटून त्या एकेक सांगत होत्या. खोबरं किती काळं होऊ द्यायचं, दगडफूल कधी टाकायचं, गूळ चिंचेच्या आधी की नंतर. मी फोन धरून बसले होते.

"लिहून घेतलंस?"

"घेतलं." मग तो म्हणाला, "काकू, हे तुम्ही कुणालाच सांगत नव्हतात."

"आज सांगितलं. आता दुसरं ऐक. उद्या आलेल्या प्रत्येक माणसाला विचार, पोट ठीक आहे का. रागावून विचारू नकोस, नाहीतर खोटं सांगतील. नाही म्हणाला तर घरी पाठव, पण त्याची मजुरी कापू नकोस. नळाशी साबण ठेव, बाटली नको. संडासला जाऊन आलेला माणूस साबणानं हात धुतल्याशिवाय परातीजवळ फिरकता कामा नये. कोशिंबीर एकाच माणसाच्या हाती दे. हंसाबेन थेट तुझ्याकडे येतील, त्या या आठवड्यात आमच्या घरात आलेल्या नाहीत."

"होय काकू."

"आणि मुग्धाला मी पाठवत नाही."

मला तेव्हा ते थोडं लागलं होतं. मी अगदी ठणठणीत होते. हात धुऊन धुऊन माझी बोटं सुरकुतली होती. किमान वाढायला तरी जावं असं मला वाटत होतं, शिर्क्यांचा मांडव बघायची हौसही होती. आई ऐकेनात.

शुक्रवारी दुपारी आई उठल्या. पेज प्यायल्या, आंघोळ केली, केस विंचरले. पाहणाऱ्याला वाटलं असतं, ही बाई आजारी नव्हतीच. त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसल्या. खाली त्यांचं रिकामं स्वयंपाकघर दिसत होतं, शेगड्या थंड. बाबा त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"जाऊन येऊ का नुसतं तिकडे?" आई म्हणाल्या. "लांबून बघते. हात लावत नाही."

"तुला राहवेल?" बाबांनी विचारलं.

आई हसल्या. "नाही राहवणार," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

शनिवारी सकाळी समरजितचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं फोन पातेल्यावर धरला. मागे मंडपातली सनई वाजत होती, कुणीतरी पाट आणा म्हणून ओरडत होतं. आई स्क्रीनला नाक लावून बसल्या.

"काकू, पातळ वाटतेय मला."

"हलव. अजून. तळापासून हलव. कडेला फेस आलाय त्याचा रंग दाखव." मग त्या चिडल्या. "दिसतंय मला सगळं, पण वासाशिवाय कसं सांगू? हंसाबेनला दे."

हंसाबेन आल्या. "बेन, सुगंध बराबर छे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तमारा जेवी ज." म्हणजे अगदी आईंच्यासारखाच.

"मग थांबा. पुरण दोन डाव आत घाला आणि एक उकळी. बास."

तिकडे पंगती बसायला लागल्या असतील त्या सुमारास माझ्या पोटात ढवळायला लागलं. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, वाटलं उपाशीपोटी आहे म्हणून असेल. पुढच्या काही मिनिटांत मी न्हाणीघरात होते. आई बाहेरून पाठीवर हात फिरवायला आल्या तशी मी म्हटलं, "आई, मी आज वाढायला जाणार होते."

"हं," त्या म्हणाल्या. "ते आठवू नकोस आता. तोंड धू, मी पाणी करून आणते." हे एवढंच. दुसऱ्या कुणी "बघ, मी सांगितलं होतं" म्हटलं असतं. मी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसून विचार करत होते की मी पोळ्यांची घडी घालत घालत पंगतीतून फिरले असते, नवरीच्या पानात वाढलं असतं, तात्यासाहेबांच्याही.

दुसऱ्या दिवशी हंसाबेन आमच्या दारात उभं राहूनच सगळं सांगून गेल्या. आईंनी त्यांना आत घेतलंच नाही. पंगती उत्तम उठल्या. आमटीला लोकांनी वाट्या पुढे केल्या. कुणीतरी म्हणालं, सुनेत्राबाईंचा हात लगेच ओळखू येतो. तेव्हा तात्यासाहेब काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "हा हात समरजित जगदाळ्यांचा आहे. ते सुनेत्राबाईंचे शिष्य. बाई स्वतः आलेल्या नाहीत, कारण त्या आजारी आहेत. आणि आजारी आहोत हे त्यांनी आपण होऊन मला सांगितलं. माझ्या घरच्या लोकांनी गुपचूप करा म्हटलं, तरी त्यांनी ऐकलं नाही." मग सगळ्यांसमोर त्यांनी समरजितला शाल दिली. समरजितनं ती तशीच घडी करून हंसाबेनबरोबर आईंना पाठवली होती. आईंनी ती दुसऱ्या दिवशी बाबांच्या हाती परत पाठवली. "त्यानं कष्ट केलेत, त्यानंच पांघरावी," असा निरोप दिला.

पण आईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. रविवार गेला, सोमवार गेला. फोन वाजला की त्या दचकायच्या. त्या मांडवातलं कुणी आजारी पडलं का, एवढंच त्यांना हवं होतं. मंगळवारी शिर्क्यांच्या घरून फोन आला. श्रद्धा सासरी सुखरूप होती, पाहुणे आपापल्या गावी गेले होते, कुणाला काही नव्हतं. आईंनी फोन ठेवला, देवासमोर निरांजन लावलं आणि खाली जाऊन स्वयंपाकघराची दारं उघडली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते धुतलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

सगळं गोडच झालं असं नाही. आमच्या ओळखीच्या एका घरानं साखरपुड्याची ऑर्डर काढून घेतली. "त्यांच्या घरात रोग आहे म्हणे," असं बाजारात कुणी बोलल्याचं बाबांच्या कानावर आलं. आईंना ते लागलं. दोन दिवस त्या कमी बोलल्या. मग मला म्हणाल्या, "लपवलं असतं तर हे ऐकावं लागलं नसतं. पण मग मला झोप लागली नसती." त्यानंतर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मार्चमध्ये डॉक्टर नीरांनी त्यांना आपल्या दवाखान्यात बोलावलं. शाळांमध्ये मुलांचं जेवण करणाऱ्या, मेस चालवणाऱ्या, घरगुती डबे देणाऱ्या बायका जमल्या होत्या. डॉक्टरांनी व्हायरसचं सांगितलं, चित्रं दाखवली. मग म्हणाल्या, आता सुनेत्राकाकू बोलतील. आईंनी भाषण कधी केलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या, अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलल्या, स्वतःचा किस्सा सांगितला आणि शेवटी बेसिनशी जाऊन हात कसे धुवायचे ते करून दाखवलं. बोटांमधून, अंगठ्याच्या मुळाशी, नखं तळहातावर घासून. पीठ मळतात तसे ते हात दिसत होते. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "बेन, पण धंदो जाय तो?" आई पदराला हात पुसणार होत्या, थांबल्या, कागदानं पुसले आणि म्हणाल्या, "एक दिवस गेला माझा. नाव नाही गेलं."

आता आमच्याकडे मोठं काम असलं की समरजित येतो, त्याच्याकडे असलं की आई जातात. दोघं भांडतात, मसाल्यावरून, मिठावरून, विशेषतः भाताच्या पाण्यावरून. खालच्या स्वयंपाकघरात पुन्हा गडबड असते.

परवा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची मोठी ऑर्डर होती. पहाटेच हंसाबेनचा फोन आला. मी उचलला. "बेनने कहेजो, मने रातथी उलटी थाय छे," त्या म्हणाल्या. न बिचकता, न लाजता, साधं सांगावं तसं. मी आईंना सांगितलं. आईंनी फोन घेतला, पाणी काय घेताय विचारलं, जुलाब आहेत का विचारलं, उलट्या थांबल्यावर दोन दिवस घरीच राहा, पगाराचं बघू नका म्हणाल्या. मग पदर खोचला, हात धुतले आणि पुरणाच्या यंत्राशी बसल्या. डाळ चांगली शिजली होती. मी त्यांच्यासमोर परात धरून बसले, आणि त्या दिवशी सगळं पुरण आम्ही दोघींनीच वाटलं.